कुंकू लावलेली बॅटरी

आमच्या लेकीच्या लग्नात व्हिडिओ शूटिंगला देगलूरहून आलेल्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. आल्या आल्या त्यानं ओवाळणीच्या ताटातलं कुंकू मागितलं. मला वाटलं, कॅमेऱ्याची पूजा करतोय. तर त्यानं चार्ज केलेल्या प्रत्येक बॅटरीला कुंकवाचं बोट लावलं. बॅटरी संपली की तो रुमालानं कुंकू पुसायचा, म्हणजे गडबडीत रिकामी हाताला येत नाही.

वरातीत नवरदेवाचे मित्र नाचायला लागले आणि याचा कॅमेरा बंद. "बॅटरी उतरली," म्हणाला. पोरं चिडली. मीही बोललो, "भाऊ, चांगल्या बॅटऱ्या ठेवाव्या की." तो नुसता हसला.

पाठवणीच्या वेळी त्यानं पिशवीच्या तळातून एक जाडजूड बॅटरी काढली आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवली. तिच्यावरचं कुंकू तसंच होतं. मी बघतोय म्हटल्यावर हळूच म्हणाला, "मामा, नाच समद्यांच्या मोबाईलमधी हाय. लेक निघाली की समदे रडत असतेत, कुणाचा मोबाईल वर नसतो. त्या येळंला भरवशाची एक राखून ठेवावी लागती."

परवा मी आणि बायकोनं ती पाठवणी पाहिली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सगळं आलंय. फक्त लेक माझ्या गळ्यात पडली, तिथं चित्र जरासं हललंय.

"दिवसभर हात हलला न्हाई गड्याचा," मी म्हणालो.

बायको पदर डोळ्याला लावत म्हणाली, "त्याला बी लेक असंल."