अंबूबाईनं न पाळलेला मोर

आमच्या वस्तीवर अंबूबाई राहते. तिच्या दारात एक मोर होता, आणि तो तिनं पाळलेला नव्हता. आता हे खरं की खोटं, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर लिहायला बसलेच नसते. माझी शाळा दुसरीपर्यंतची. गुरुजी बदलून गेले आणि मीही शेळ्यांमागं गेले. तेव्हा कायद्यातलं काही चुकलं तर पदरात घ्या.

आमची वस्ती आष्ट्याच्या अलीकडं, चहूबाजूंनी ऊस. अंबूबाई मात्र तिकडची, आटपाडीकडच्या माळाची. तिचा नवरा भाऊसो आणि त्याचे भाऊबंद दरसाल मेंढरं घेऊन खाली यायचे आणि आमच्या रानात बसवायचे. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्यांचं खत फुकट, आणि बदल्यात आम्ही त्यांना धान्य द्यायचो. एका साली वर पाऊसच झाला नाही, तेव्हा ही दोघं परत गेलीच नाहीत. आमच्या घरधन्यांनी बांधाकडचा कोपरा दिला, तिथं त्यांनी छप्पर घातलं. पुढं मेंढरं गेली, छपराचं घर झालं, पोरगा अमृत मिलिटरीत गेला. आता ही दोघं, दोन शेळ्या, कोंबड्या आणि बाळ्या नावाचं कुत्रं.

अंबूबाईच्या हाताला एक खोड आहे. आई नसलेलं काही दिसलं की तो हात आपोआप पुढं होतो. बाटलीनं दूध पाजून तिनं किती कोकरं जगवली, त्याला गणती नाही. खारीचं पिल्लू पदरात घेऊन भाकरी थापताना मी तिला बघितलंय. मला टायफॉइड झाला, तेव्हा माझा थोरला अंगावर पीत होता. त्याला तिनं शेळीच्या दुधावर सांभाळला. तो आता आजोबा व्हायला आला, तरी गावाहून आला की आधी तिच्या चुलीपाशी जातो. त्याची तिनं कुठं नोंद केली नव्हती, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मोराचं असं झालं. चार-पाच पावसाळ्यांमागं ती बांधावरचं गवत कापत होती. लांडोर कुत्र्यांनी फाडलेली, पिसं सगळीकडं उडालेली, आणि गवतात चार अंडी. हात लावला तर कोमट. तिनं ती ओच्यात घेतली आणि घरी खुडूक बसलेल्या चितऱ्या कोंबडीखाली सरकवली. कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात, हे कोंबडीलाही ठाऊक असतं. मोराला आठवडाभर जास्त लागतो. एकवीस दिवस उलटले तशी चितरी उठून उभी राहायची, अंड्यांकडं मान वाकडी करून बघायची आणि परत बसायची. "हिचा हिशोब चुकला बघा आक्का," अंबूबाई मला म्हणायची, "पर उठत न्हाई. आई हाय." शेवटी चारातलं एक फुटलं.

पिल्लू मोठं झालं तसं लग्नात फेटा बांधून मिरवणाऱ्या माणसासारखं चालायला लागलं. भाऊसोनं त्याचं नाव लालासाहेब ठेवलं. संध्याकाळी अंबूबाई दारात ज्वारी घेऊन हाक मारायची, "लालासाहेब, या जेवायला!" की माझ्या पत्र्यावरून तो जो उडी टाकायचा, आम्ही भूकंप झाला म्हणून बाहेर यायचो. त्याला कधी बांधला नाही, कोंडला नाही. दिवसभर उसात फिरायचा, जेवायला घरी. पिसारा फुटला तेव्हा पहिल्यांदा नाचला तो चितरीपुढं. चितरी वाळवी टिपत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"आईपुढं नाचतंय मेलं," अंबूबाई तोंडाला पदर लावून हसली.

गेल्या साली पंचायतीची गाडी भोंगा लावून वस्तीवर आली. कुत्रं पाळलंय त्यांनी नोंद करा, इंजेक्शन द्या, गळ्यात पट्टा बांधा, मोकळं सोडू नका. जो खायला घालील तो मालक धरला जाईल, कुणाला चावलं तर जबाबदार तोच. गाडी गेली आणि अंबूबाई माझ्याकडं आली.

"आक्का, खायला घालील त्यो मालक म्हणं."

"मग?"

"मग मी कितीजणांची मालकीण झाले? बाळ्या हाय, तुमचं मांजार हाय, ओढ्याकडची दोन कुत्री येत्यात..."

"आणि पितरपाटात कावळ्याला घास ठेवतीस तो?"

"त्येला बी पट्टा बांधायचा व्हय?" ती खरंच विचारत होती.

बाळ्याचं तिनं सगळं रीतसर केलं. इंजेक्शन झालं, लाल पट्टा आला. दिवसभर तो नव्या नवरीसारखा मान खाली घालून बसला. मग तिच्या मनात आलं, की बाळ्याला खायला घालते तशी लालासाहेबालाही घालते. पंचायतीत जाऊन तिनं विचारलं, "मोराची नोंद हितंच करत्यात का?" तिथला माणूस हसला. "मावशी, मोराची कसली नोंद?" ती निर्धास्त होऊन आली. नोंद लागत नाही म्हणजे काळजीच नाही.

दिवाळीला अमृत सुट्टीवर आला. आईच्या हातातून मोर ज्वारी खातोय, ती "लालासाहेब, या" म्हणतेय, असा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला. तो परत ड्युटीवर गेला, व्हिडिओ इथंच फिरत राहिला. आणि एक दिवस खाकी कपड्यातली एक पोरगी गाडीवरून वस्तीवर आली. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते.

"लालासाहेब हितंच राहतात का?"

"व्हय की," अंबूबाई ज्वारी पाखडत म्हणाली.

"घरात हायत?"

"घरात कशाला? पत्र्यावर बसल्यात."

पोरीनं वर बघितलं. लालासाहेबानं खाली बघितलं. तिनं मोबाईलमध्ये मालक म्हणून लालासाहेब हेच नाव लिहून आणलं होतं. ते तिनं पुसलं, आणि हसू आलं ते गिळलं. नाव उत्कर्षा, फॉरेस्टची गार्ड, माहेर खंडाळ्याचं.

"मावशी, हा मोर तुमी पाळलाय?"

"न्हाई बा. बांधलाय का कुठं?"

"खायला कोण घालतं?"

"मीच."

"मग पाळलाच की."

"आगं, नोंद करायला गेलते मी! घेतली न्हाई त्यांनी."

उत्कर्षा पायरीवर बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली. "मावशी, कुत्रं पाळून नोंद न्हाई केली तर चूक. मोराची नोंदच नसती. मोर ठेवणं हाच गुन्हा."

भाऊसो आतून आला. पटका बांधलेला, हातात काठी. बोडक्या डोक्यानं त्याला कुणी बघितलेलं नाही.

"बोकड ठिवला तर चालतंय?" त्यानं विचारलं.

"चालतंय."

"कापला तर?"

"चालतंय, काका."

"आन मोर जगवला तर गुन्हा."

"कायदा मी केला न्हाई," ती म्हणाली. "पण सोडून दिलं तर समदेच अंडी उचलतील, जगवली म्हणतील आणि मोर विकतील. ओळखायचं कसं आमी?"

"त्ये बी खरंच," अंबूबाई म्हणाली. तिथंच माझा गोंधळ दुप्पट झाला. दोघींचंही बरोबर होतं.

"अंडी दिसली तवाच आमाला कळवायचं व्हतं."

"तुमी येस्तवर गार पडली नसती?"

"पडली असती," पोरगी म्हणाली. तेव्हापासून मला ती आवडली.

भिंतीला गळालेली पिसं खोवली होती, ती काढायला अंबूबाई उठली. "ऱ्हाऊ द्या," उत्कर्षा म्हणाली, "आपसूक गळालेली चालत्यात." म्हणजे पीस चालतं, पीसवाला चालत नाही.

जाताना तिनं सांगितलं ते असं. साहेब येऊन बघणार. मोर हाकेला आला, हातातलं खाल्लं, तर तो माणसाळलेला. त्याला धरून न्यावं लागणार, मग तो जन्मभर पिंजऱ्यात. लांब राहिला, आपलं आपण खाल्लं, तर जंगली. मग तो इथल्या रानातच राहील. तोवर त्याला खायला घालायचं नाही, हाक मारायची नाही, हात लावायचा नाही.

"आन मला न्हेत्यात का?" अंबूबाईनं विचारलं.

"त्ये साहेब ठरवतील, मावशी."

झालं. आता एकाच दारात दोन कायदे. कुत्र्याला मोकळं सोडलं तर गुन्हा, मोराला जवळ केलं तर गुन्हा. अंबूबाई दिवसातून चारदा मला विचारायची, कुणाला बांधायचं आणि कुणाला हाकलायचं. एकदा तर तिनं चुकून बाळ्याला हाकललं आणि तो पट्ट्यासकट आमच्या गोठ्यात येऊन बसला.

तरी ती प्रयत्न करत होती. कोंबड्यांना घरात घेऊन, दार लावून दाणे टाकायची. लालासाहेब बाहेरून दारावर चोच मारत राहायचा. आत कोंबड्या, अंबूबाई आणि भाऊसो कोंडलेले, बाहेर मोर मोकळा. कायद्यानं नेमकं कुणाला कोंडलंय, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

"आमच्यात कोकरू पिण्यापास्नं तोडायचं असलं की मेंढीच्या सडाला शेण लावत्यात," ती मला म्हणाली. "मोराला तोडायला शेण कुठं लावू, आक्का?"

मला काय माहीत?

मग एका बाजाराच्या दिवशी मी दारात आले तर भाऊसो मोराला पळवतोय! पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि नुसता ओरडतोय, दगड मारतोय. दगड मोराच्या बाजूनं जात होते, पण जात होते. जन्मात शेळीला शिवी न दिलेला माणूस. मी तशीच अनवाणी धावले.

"आवं भाऊसो, डोकं फिरलं का? मुक्या जीवाला..."

तो वळला. पटक्याखाली अंबूबाई. गाल भिजलेले.

"वरडू नगा आक्का. ह्ये बाजारला गेल्यात."

"आगं, पर त्यांचा जुना पटका नि कापडं कशाला घातलीस?"

"माझ्या लुगड्यात मारलं तर त्यो मला भील. माझी हाक त्येच्या कानात चांगली ऱ्हाऊ द्या. मार ह्यांच्या नावावर पडू दे."

हसावं की रडावं, मला कळेना. रोज दुपारी भाऊसो झोपला की ती त्याचा पटका बांधून बाहेर पडायची. थोड्या दिवसांत लालासाहेब ओढ्याच्या बाभळीवर बसायला लागला. खरा भाऊसो बिचारा बाहेर पडला की मोर किंचाळून उडायचा. "ह्येला काय झालंय गं?" तो विचारायचा. "असंल काय तरी," अंबूबाई चुलीत फुंकर मारत म्हणायची.

साहेब आले ते दुपारीच. सोबत उत्कर्षा. लालासाहेब लांब बांधावर दाणे टिपत होता. साहेबांनी बराच वेळ बघितलं. लांब राहतो, आपलं आपण खातो. अंबूबाईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता हाक मारा. व्हिडिओत मारली होती तशीच."

हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जी हाक तिनं इतकी जपून ठेवली होती, तीच आता मारायची. तिनं माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघणार? मी चितरीकडं बघितलं.

"मारा मावशी," उत्कर्षा हळूच म्हणाली.

"लालासाहेब," अंबूबाई पदराआडून पुटपुटली. मग मोठ्यानं. "लालासाहेब, या जेवायलाऽ!"

कोंबड्या धावत आल्या. बाळ्या साखळी ताणून उभा राहिला. बांधावर निळी मान उंच झाली. तो निघाला. आधी चालत, मग पळत, पिसारा मागं ओढत, सरळ तिच्या रोखानं. अंबूबाईनं डोळे मिटले. साहेबांनी मान हलवली. आता संपलं, असं मला वाटलं.

आणि दार वाजलं. आत झोपलेला भाऊसो "जेवायला" ऐकून उठला होता. पटका बांधून, काठी घेऊन, डोळे चोळत बाहेर आला. "एवढ्यात झाला का सैपाक?"

लालासाहेब जागीच थांबला. मग असा काही किंचाळून उडाला की साहेबांच्या डोक्यावरून उसात आणि उसावरून ओढ्यापलीकडं.

"माणसाला घाबरतोय चांगलाच," साहेब म्हणाले. "जंगली आहे. राहू दे इथंच." अंबूबाईला ताकीद दिली, पुन्हा अंडी दिसली तर आधी फोन करायचा. तिनं मान हलवली. उत्कर्षानं गाडीवर बसताना भाऊसोला विचारलं, "काका, काय केलं हो मोराला?"

"काय न्हाई पोरी. कवा रागं बी भरलो न्हाई." आणि ते अगदी खरं होतं.

त्या रात्री अंबूबाईनं भाऊसोला सगळं सांगितलं. तो जेवत राहिला.

लालासाहेब आता ओढ्यापलीकडंच असतो. संध्याकाळी ओरडतो, तेव्हा चितरी टिपायचं थांबवते. अंबूबाई ओठ घट्ट मिटून घेते. हाक तिच्या तोंडाशी येते, ते मला इकडून दिसतं.

भाऊसोचं मात्र नवीन सुरू झालंय. उन्हं उतरली की तो पटका काढून खुंटीला टांगतो, काठी दारात ठेवतो आणि बोडक्या डोक्यानं ओढ्याकडं जातो. सोबत दाणा नेत नाही, हाक मारत नाही. लांब बांधावर नुसता बसतो, दिवस मावळेपर्यंत. डोक्यावरचा पांढरा भाग, जिथं कधी ऊन लागलेलं नाही, तो इथून चमकतो.

परवा उत्कर्षा फेरी मारायला आली होती. मी तिला विचारलं, असं नुसतं बसलेलं चालतं का? तिनं ओढ्याकडं बघितलं, हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"इचारून सांगते, आजी," म्हणाली. अजून काही सांगितलेलं नाही.