भेगांचा माळ आणि खिल्लारे सर

डॉ. देविदासराव खिल्लारे यांचा आणि माझा परिचय एका अनुत्तरित प्रश्नाने झाला. मी तेव्हा मलकापूरच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत होतो आणि मृदाशास्त्राचे हे तरुण प्राध्यापक आमच्याकडे व्याख्यानासाठी आले होते. दिवस फाल्गुनाचे होते. समोरच्या टेबलावर त्यांनी काळ्या मातीचे एक ढेकूळ ठेवले होते, आणि ते ठेवताना दगड ठेवल्यासारखा आवाज झाला होता. व्याख्यान संपल्यावर मी उठून विचारले की, जी माती उन्हाळ्यात दगड होते आणि पावसाळ्यात पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते, तिचा गुण कोणता मानावा, कठीणपणा की मऊपणा? परस्परविरोधी असे दोन गुण एकाच वस्तूला लावणे आमच्या शास्त्राला मंजूर नाही. सर म्हणाले, श्रावणात उत्तर देतो. विद्यार्थी हसले. मी ती पळवाट समजलो.

श्रावणात एका दुपारी ते खरोखरच माझ्या दारात उभे राहिले. चपला चिखलाने इतक्या जड झाल्या होत्या की त्या ओळखू येत नव्हत्या. पाऊल किंचित उचलून ते म्हणाले, "हेच ते ढेकूळ. दोन्ही गुण या मातीचेच आहेत. तुम्ही आधी अट सांगा, मग मी गुण सांगतो." उत्तर बिनतोड होते. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र त्यांना पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही, आणि बरेच पाणी खर्चूनही चिखल निम्माच निघाला.

जमिनीविषयी एका ऋतूत पाहून मत द्यायचे नाही, हा सरांचा नियम मला त्या दिवशी कळला. या नियमापायी त्यांनी अनेकांचा रोष ओढवून घेतला. अहवाल उशिरा देणारे अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खरी होती. तो अहवाल नंतर बदलावा लागत नसे, हेही तितकेच खरे होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी अधिकाराने लिहितील. मी केवळ आमच्या गावच्या माळाविषयी लिहिणार आहे, कारण तिथे हा नियम पणाला लागलेला मी जवळून पाहिला.

निवृत्तीनंतर मी साखरखेर्ड्याजवळच्या माझ्या मूळ गावी राहायला आलो. गावाच्या वर एक पठार आहे, तेच आमचे गायरान. माळ म्हटला की मुरूम, असे आपण गृहीत धरतो. आमचा माळ त्याला अपवाद आहे. तिथे खोल, चिकण, काळी माती आहे. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत सहज आत जातो. गवत दरवर्षी विरळ होत चालले होते आणि त्यातच एका उन्हाळ्यात वच्छलाबाईंच्या वासराचा पाय भेगेत अडकून मोडला. वच्छलाबाई या आमच्या गावच्या विधवा बाई. शेत नाही, दोन गाई आणि शेळ्यांचे एक खांड, एवढ्यावर त्यांचे घर चाललेले. वासराच्या प्रकारानंतर ग्रामपंचायतीने ठरवले की भेगांत मुरूम भरायचा आणि वरून रोलर फिरवून सारा माळ सपाट करायचा. सर्वात जास्त आग्रह वच्छलाबाईंचाच होता. गवताचे आणखी एक वर्ष वाया गेले, तर शेळ्या बाजारात उभ्या करणे त्यांना चुकणार नव्हते.

मी सरांना बोलावून घेतले. ते आले, माळावर पालथे झोपले आणि भेगेत हात घालून आतून मातीचा एक तुकडा काढून आणला. त्याची एक बाजू घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. ग्रामसभेत त्यांनी तो तुकडा हातोहात फिरवला. ही माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते आणि त्या ओढाताणीत तिचे थर एकमेकांवर घासतात, म्हणून ही चकाकी. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते आणि खालची वर ढकलली जाते. म्हणजे हा माळ स्वतःच स्वतःला नांगरतो. पहिल्या पावसाचे पाणी खोल जाते ते भेगांतूनच. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की वरून फारसे पाणी उतरत नाही. मग जे मुरले तेवढ्यावर गवताने दिवस काढायचे. गवत विरळ होण्याचे कारण त्यांच्या मते वेगळेच होते: ओल्या मातीवर गुरे फिरतात आणि ती तुडवून लिंपल्यासारखी घट्ट करतात.

वच्छलाबाई मागच्या बाजूने उठल्या. "सर, माह्या वासराचा पाय मोडला त्या भेगीत. तुमी म्हन्ता भेगा राहू द्या. मंग ढोरं काय उडत जातीन?"

सभा हसली. सर हसले नाहीत. वासरू आता कसे आहे, हे त्यांनी आधी विचारले. लंगडते, पण खाते, असे कळल्यावर म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण पाय मोडतो म्हणून माळाचं तोंड शिवून टाकलं, तर तो पाणी पिईल कशानं?"

सरपंचांनी सुचवले की एक बादली पाणी ओतून आत्ताच काय ते दाखवावे. सर म्हणाले, बादलीचे उत्तर बादलीपुरतेच असते. त्यांनी मागणी केली ती अशी: अर्ध्या माळाच्या भेगा ठरावाप्रमाणे भराव्यात, अर्ध्याच्या तशाच ठेवाव्यात. उन्हाळ्यात आणि गवत धरेपर्यंत गुरे दोन्हीकडे जाऊ नयेत, ती खालच्या मुरमाड बरडावर चरावीत, तिथे भेगाही नाहीत आणि चिखलही नाही. बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची, ही रीत मी आयुष्यभर फळ्यावर शिकवली होती. तिला गवत उगवताना मात्र मी प्रथमच पाहणार होतो. वच्छलाबाई कबूल झाल्या, पण एका अटीवर. बरड लांब पडते. कधी अडचण आली तर शेळ्या कोण नेईल? सरांनी तत्काळ आपले नाव सांगितले. सभेने ते सौजन्य समजून सोडून दिले.

सरांनी सोडले नाही. वच्छलाबाईंना भाचीच्या लग्नासाठी दुसरबीडला जायचे होते, त्या दिवशी ते सकाळीच काठी घेऊन हजर झाले. संध्याकाळी खांड परतले तेव्हा त्यात एक शेळी कमी होती. सर मातीचा तुकडा न्याहाळत बसले असताना ती सरपंचांच्या मळ्यात शिरून तिथली मेथी खात राहिली होती. लग्नाहून आलेल्या बाईंनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमी मातीच पाहा. थे पळून तं नाही जात." सर हा प्रसंग स्वतःच्या भाषणांतून आजही सांगतात, आणि मेथीविषयी सरपंचांची जाहीर क्षमा प्रत्येक वेळी नव्याने मागतात.

श्रावणात सारे गाव माळावर गेले. भरलेल्या अर्ध्यात पाणी वरच्या वर ओढ्याला वाहून गेले होते. फुगलेल्या मातीला आत जागा न मिळाल्याने जागोजागी उंचवटे उठले होते आणि गवत तुरळक होते. दुसऱ्या अर्ध्यात भेग शोधून सापडत नव्हती, आणि मारवेल गवत गुडघ्याला लागत होते. सर काहीच बोलले नाहीत. आपले म्हणणे खरे ठरल्यावर गप्प राहता येणे हे मी वादविवादाच्या क्षेत्रातही फार थोड्यांना साधलेले पाहिले आहे. वच्छलाबाई दोन्हीकडे फिरून आल्या, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "सर, आता त्या अर्ध्याच्या बी भेगा उकरून द्या."

या वेळी सर मनापासून हसले. भेगा उकरता येत नाहीत. मुरूम बाजूला सारून माती त्या स्वतःच पुन्हा पाडेल, असे त्यांनी समजावले. किती वर्षांत, असे बाईंनी विचारले. "पाहून सांगतो," सर म्हणाले.

त्यानंतर उरलेला मुरूम तसाच पडून राहिला. माळावर दर उन्हाळ्यात आणि गवत धरेपर्यंत गुरांना बंदी असते आणि ती मोडणाऱ्याला वच्छलाबाई स्वतः गाठतात. शेळ्या बाजारात गेल्या नाहीत. उलट खांड वाढले आहे. लंगडे वासरू आज म्हातारी गाय आहे. सर वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा, असे न चुकता येतात आणि भरलेल्या अर्ध्यात हात घालून पाहतात. गेल्या वैशाखात हात मनगटापर्यंत गेला. गुडघ्यांमुळे त्यांना उठता येईना, तेव्हा बाईंनी दंड धरून उठवले आणि विचारले, काय म्हन्ते माळ? सर म्हणाले, कोपरापर्यंत जाऊ द्या, मग सांगतो.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभावे, अशी इच्छा या ग्रंथात सारेच व्यक्त करतील. त्या इच्छेला मी एक आधारही देऊ शकतो. वच्छलाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर सरांनी अद्याप दिलेले नाही, आणि दिलेला शब्द अपुरा ठेवणे त्यांना ठाऊक नाही. माती आपल्या गतीने चालली आहे. तिने मुळीच घाई करू नये, एवढेच माझे मागणे आहे. सरांचे गुडघे तेवढे बरे राहावेत; दंड धरायला आम्ही आहोत.