पाचव्या नटाची किल्ली

आमच्या आत्याला घरात सगळे कुलूपआत्या म्हणतात. साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप लावणारी बाई! मुंग्या किल्ली आणत नाहीत, हे वर ऐकवणार. जन्मभर एकटी राहिली, शिवणकामाचं दुकान चालवलं, पण किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून कधी हलू दिला नाही. गाडी घेतली तेव्हा चाकांनाही कुलपं! प्रत्येक चाकाचा पाचवा नट असा, की खास किल्लीशिवाय हलायचाच नाही.

अशी बाई साठीत लग्नाला उभी राहिली, तेही शेजारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांशी. नोंदणी कार्यालय दुपारीच बंद होणार होतं, आणि अर्ध्या वाटेत आमचं मागचं चाक बसलं. टायरमध्ये हा भलामोठा खिळा.

"आज दार बंद झालं ना, तर मी पुन्हा नाही यायची," आत्या म्हणाली. "माझा धीर मला ठाऊक आहे."

मी, तिची भाची, बाह्या सरसावून बसले. चार नट सैल केले. "पाचव्याची किल्ली दे."

आत्यानं जुडगा चाळला आणि चक्क लाजली. "ती त्यांच्याकडे आहे."

"काकांनी मागितली?"

"छे! मीच दिली परवा. म्हटलं, आपली एक तरी किल्ली दुसऱ्याकडे असावी."

कपाळावर हात मारावा की तिची पापी घ्यावी, मला कळेना. तेवढ्यात डिकीतला, पंक्चर बुजवणाऱ्या फेसाचा डबा आठवला. नट पुन्हा आवळले, खिळा तसाच राहू दिला, डब्याची नळी व्हॉल्व्हला लावली. फेस आत गेला, चाक फुगलं. काम तात्पुरतं, त्यामुळे गाडी हळू हाकायची. मागून हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाला आत्या खिडकीतून सांगत होती, "लग्नाला चाललेय, माझ्याच!"

पोचलो तेव्हा कारकून दार ओढत होता आणि काका उंबऱ्यात पाय रोवून उभे होते. मुठीत किल्ली.

"जिवात जीव नव्हता," ते आत्याला म्हणाले. "शेवटी म्हटलं, किल्ली परत मागायला तरी याल."

सह्या झाल्या. बाहेर येऊन बघतो तर चाक पुन्हा बसलेलं. काकांनी नव्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, पाचवा नट सोडवला, स्टेपनी चढवली आणि किल्ली आत्यापुढे धरली.

आत्यानं ती घेतली नाही. कमरेचा जुडगा काढून त्यांच्या हातात ठेवला. "हाही धरा जरा. फार वर्षं एकटीनं वागवलाय."