पितरांच्या नावावर ठेवून घेतलेली गाडी

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने गाडीच्या वर्कशॉपमधल्या एका मुलीविरुद्ध लेखी तक्रार केली. ती कागद दाबून ठेवते, काम मुद्दाम लांबवते, असं त्याने लिहिलं होतं. यात त्याचा दोष नाही. त्याला तसं मीच भासवलं होतं. खरं काय घडलं ते गेल्या महिन्यापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता लिहून ठेवतो.

समुद्रपूरला एका जुन्या सोबत्याला भेटून मी एकटाच परतत होतो. संध्याकाळची वेळ होती. कपाशीतून रानडुक्कर आडवं आलं, मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी नाल्यावरच्या पुलियाखाली जाऊन उलटली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचं छत मात्र बसलं होतं. पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा त्याने आधी विचारपूस केली आणि मग सांगून टाकलं, "बाबा, आता गाडी चालवणं बंद. विम्याचा हिशेब झाला तरी नवी घ्यायची नाही."

वर्कशॉपच्या विमा काउंटरवर ती मुलगी बसायची. पंचविशीची असेल. मोठ्या साहेबांशी शुद्ध बोलायची आणि आमच्यासारख्यांशी घरच्यासारखं. गाडी बघून म्हणाली, "काका, तुमी वाचले हेच लय झालं. गाडी काही उठत नाई आता. पण पोरानं पॉलिसी चांगली काढून देल्ली हाय."

त्या पॉलिसीत एक जादा कलम होतं. आपली गाडी अडकलेली असेपर्यंत वापरायला दुसरी गाडी मिळणार होती. कंपनीने आपली गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची ठरवली, तर तसं पत्र देतात. ते पत्र हातात पडल्यापासून एक आठवडा ती गाडी ठेवता येते, मग परत करायची.

पांढरी, लहानशी गाडी मिळाली. मागच्या काचेवर वर्कशॉपचं नाव चिकटवलेलं. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत ती आणली तर बायको ताम्हण घेऊन दारात उभी. चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर हळदकुंकू लावलं.

"अहो, ती आपली नाही. परत द्यायची आहे," मी म्हणालो.

"बसायचं तर आपल्यालेच हाय ना?"

शेजारचे पेढे मागायला आले ते वेगळंच. "काका, जुनी उलटवून नवी आणली? आमाले सांगा तो पुलिया कुठं हाय!"

बायकोची थोरली बहीण नाचणगावला असायची. सगळे तिला बाई म्हणत. आई लवकर गेल्यावर बाईनेच माझ्या बायकोला वाढवलं. वेणी घालण्यापासून लग्नात पाठवणीपर्यंत सगळं तिनेच केलं. त्या उन्हाळ्यात बाईला अर्धांगाचा झटका आला. बोलणं जवळजवळ गेलं. सुनेने घास पुढे केला की ती तोंड मिटून घ्यायची, बहिणीच्या हातचं मात्र खायची. म्हणून रोज दुपारी मी बायकोला गाडीने नाचणगावला नेत होतो. निघताना बाई वाकड्या तोंडाने दोनच शब्द म्हणायची, "उद्या येजो."

अपघातानंतर ही गाडी मिळायच्या आधी एक दिवस बायको एसटीने गेली. तिचे गुडघे कामातून गेलेले. पायरीवर कंडक्टरने हात धरून ओढून घेतलं म्हणून चढली. परतल्यावर ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "उद्या काही जमत नाई मले." भाड्याची गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी परवडली असती, रोज नाही. म्हणजे वर्कशॉपची गाडी परत गेली की बाईचं जेवण थांबणार, एवढं मला कळत होतं.

पितृपक्ष लागला आणि काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. "काका, टोटल लॉसचं पत्र आलं. येऊन घेऊन जा."

मी पितर मानणारा माणूस नाही. घरात पान वाढतात तेव्हा मी पेपर वाचत बसतो. पण त्या क्षणी तोंडातून निघून गेलं, "पोरी, पितर चालू आहेत. गाडी गेल्याचा कागद या दिवसांत घरात कसा आणू?"

ती लगेच म्हणाली, "हो काका, बरोबर हाय. असू द्या. माह्या ड्रॉवरमध्ये ठेवते."

किती सोपं होतं ते! कुणी एक प्रश्न विचारला नाही. पितर संपले तसे घट बसले. मी सांगितलं, घट उठेपर्यंत आमच्या घरातून गाडीच्या किल्ल्या बाहेर द्यायच्या नसतात. असा काही नियम कुणाच्या घरी असेल तर मला माहीत नाही. मी तो फोनवर बोलता बोलता तयार केला. या वेळी ती जरा अडखळली. "साहेब इचारून राह्यले काका. पण दसऱ्यापर्यंत पाहते मी."

तिकडे मुलगा रोज विचारायचा, अजून पत्र कसं नाही? "चालढकल चालली आहे त्यांची," मी म्हणायचो. तो भडकला आणि त्याने काउंटरवरच्या त्या मुलीविरुद्ध वर्कशॉपच्या कंपनीला लिहिलं.

दसऱ्याच्या आधी वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी नाचणगावला बाईच्या ओसरीवर बसलो होतो. आतल्या खोलीत बायको बाईचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पेज भरवत होती. मॅनेजरने सरळ विचारलं, "काका, पत्र आलंय असं आमच्या मॅडमनी तुम्हाला कळवलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर गाडी त्याच दिवशी गेली असती.

मी म्हणालो, "नाही."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचा माणूस घरी आला. माफी मागितली आणि नवी तारीख घातलेलं पत्र दिलं. म्हणजे मला आणखी एक आठवडा मिळाला. त्याच आठवड्यात बाई गेली. दुपारची वेळ होती आणि तिचा हात माझ्या बायकोच्या हातात होता. मी तेव्हा खोटं बोललो नसतो तर बरं, असं मी आजही म्हणू शकत नाही. माझी अडचण तीच आहे.

गाडी परत द्यायला गेलो तर काउंटरवर दुसरं कुणी होतं. "त्या मॅडम?" मी विचारलं. "त्यांना मागे फोनच्या कामाला बसवलं." मागची खोली तिथून दिसत होती. मी दाखवतील तिथे सह्या केल्या आणि ऑटोने घरी आलो.

गेल्या महिन्यात एकदाचा वर्कशॉपमध्ये गेलो. ती केव्हाच सोडून गेली होती. तिचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये होता. घरी येऊन अंगणातून फोन लावला. मी कोण ते सांगू लागलो, तर तिने अडवलं.

"वळखलं काका. बोला."

मी सगळं सांगितलं. बाईचं, एसटीचं, पितरांचं. मागे कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं.

"म्हणजे पितर-गितर काही नव्हतं?"

"नव्हतं."

"अन् मी आईले सांगत होती, का एक काका किती पाळतात म्हणून!"

मग तिनेच विचारलं,

"मंग काका, खरं काऊन नाई सांगितलं? घरी असं आजारपण असलं तर मुदत वाढवून भेटे. एक अर्ज लागे फक्त. मी सोता लिहून देल्ला असता."

"मला माहीत नव्हतं, पोरी."

"इचारलं कुठं तुमी?" मग आवाज थोडा उतरवून, "त्या गेल्या तवा काकू जवळ होत्या?"

"होत्या."

"ते बरं झालं." ती थांबली. "तुमी नाई म्हणाले ते मी ऐकलं होतं काका. साहेबांनं फोन स्पीकरवर ठेवला होता. मी समोरच उभी होती."

मी अंगणातल्या बाजेवर बसलो.

"मले आता तिथं जायचं नाई. इथं दवाखान्याच्या काउंटरवर हाय, बरं चाललं हाय माह्यं. पण तुमच्या पोरानं लिवलं होतं, का मी पैसे खायसाठी पत्र दाबलं. ते तिथं अजून तसंच हाय. ते तेवढं पाहा." कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवते काका, पेशंट उभे हायेत."

पैशांचं मला माहीत नव्हतं. मुलाला लगेच फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबा, मी तिला चोर म्हटलंय. तुम्ही 'चालढकल' म्हणालात, पुढचं मी माझ्या मनाने लावलं." आपलं म्हणणं चुकीचं होतं असं तो कंपनीला लिहिणार होता. मी म्हणालो, माझंही पत्र त्याला जोड, माझ्या सहीचं. ते पुढे आम्ही पाठवलं.

त्या दिवशी मुलाचा फोन ठेवून वळलो तर बायको दारात उभी. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. बाईसाठी केलं, असं मी म्हणू लागलो.

"बाईच्या नावानं नका सांगू," ती म्हणाली. "लावा त्या पोरीले फोन."

"तू काय बोलणार?"

"तुमाले काय करायचं हाय?"

फोन लावून दिला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने फोन आणून माझ्या हातात दिला आणि ती कामाला लागली. त्या दोघी काय बोलल्या ते तिने मला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.