रुमालाखालचं मोटरहोम

समस्त नातेवाईक, शेजारी आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्व नांदेडकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराने आणखी एक घर घ्यायचं ठरवलं असून त्याला चाकं आहेत.

कारण आई. तिला बोधगयेला जायचं आहे. घरातले सगळे जाऊन आले, तीच राहिली. रेल्वेतला, ढाब्यावरचा, पेट्रोल पंपावरचा संडास तिला चालत नाही, म्हणून ती प्रवासात पाणीच पीत नाही. मागे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, तेव्हा दिवसभर तिने घोटभरही पाणी घेतलं नाही, आणि घरी आल्यावर सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून कुठे निघालो की ती एकच वाक्य म्हणते, “तुम्ही जा, मी घर राखते.” तिला घर राखायचंच असेल तर घरच सोबत न्यावं, असं मी ठरवलं.

लातूरला जुन्या गाड्यांच्या एका यार्डात मोटरहोम उभं असल्याची खबर लागली. मिनीबसच्या आत बिछाने, ओटा, छोटा फ्रिज आणि मुख्य म्हणजे संडास. आधीच्या मालकाने हौसेने बांधून घेतलं, एक सहल केली आणि विकायला काढलं. आमचं भांडवल म्हणजे बँकेतली जमा आणि जुनी जीप. बदल्यात जीपचे दोन लाख धरले तर गाडी घेता येणार होती. त्याखाली आले तर आईचं वाक्य कायम.

वाटेत लोह्याला मामांना घेतलं. हे आईचे धाकटे भाऊ. जन्मभर बैलांची खरेदी-विक्री केलेला माणूस. पुढचा सगळा रस्ता मी तालीम घेतली. बायकोने गाडीचे दोष काढायचे, मामांनी भाव करायचा, मी जीपची तारीफ करायची, आणि आईने तोंड वाकडं करून गप्प बसायचं.

“किती वाकडं?” आईने विचारलं.

“माझ्या हातचा पहिला चहा पिताना केलं होतं, तेवढं,” बायको म्हणाली.

“तो चहा होता व्हय?”

तालीम उत्तम चालली होती.

आमच्या जीपचं ड्रायव्हरकडचं दार आतून उघडत नाही. यार्डात पोचल्यावर मी काच खाली केली, हात बाहेर काढून यार्डाच्या मालकाला लांबूनच रुबाबात सलाम ठोकला, आणि तोच हात खाली आणता आणता बाहेरून कडी ओढून उतरलो. एवढा सफाईदार अभिनय मी आयुष्यात केलेला नाही.

मालक उदगीरकडचा, अंगाने भरलेला. तो म्हणाला, “नमस्कार सर. दार आतून उघडत न्हाई वाटतं.”

“सुरक्षेसाठी आहे. घरात लहान मुलं असतात.”

“आन् ती ड्रायव्हरच्या सीटवर बसत्यात?”

मी विषय टायरांकडे नेला.

मोटरहोममध्ये चढल्यावर बायकोने मात्र काम चोख केलं. ओटा बुटका, पडदे कुणाच्या तरी लग्नातल्या मंडपाचे, आणि बिछान्यावर आडवं झालं तर पाय खिडकीबाहेर. मालकाने सगळं ऐकून घेतलं. “ताई, नळ सोडून बघा. टाकी भरून ठेवलीय.” तिने नळ सोडला. धार लागली आणि तिचा चेहरा खुलायला लागला. मी खोकलो. ती लगेच म्हणाली, “धार बारीक आहे.” आई मागच्या बाजूला काहीतरी निरखत होती. तिला तिथेच सोडून आम्ही खाली उतरलो.

मालकाने गाडीचे चौदा लाख सांगितले आणि जीपचे एक लाख चाळीस हजार.

मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला. “तुमचे वडील काय करायचे?”

“बैलाचाच धंदा. उदगीरच्या बाजारात.”

“मग हात द्या.”

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही. यार्डात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं घुटमळत होती, त्यामुळे मालकालाही ते सोयीचं वाटलं. त्याने रुमालाखाली हात घातला.

“ही लाखाची,” मामा म्हणाले. “ही हजाराची. बैल म्हातारा हाय, पर थकलेला न्हाई.”

“बैल दार उघडत न्हाई, मामा.”

“कुठला बैल उघडतो?”

मालक हसला आणि त्याने बोट बदललं. माझी आयुष्यभराची शिल्लक त्या चौकड्याच्या रुमालाखाली इकडून तिकडे सरकत होती आणि मला फक्त दोन कोपरं दिसत होती. मामा नंतर म्हणाले, त्या घडीला जीप दोन लाख तीस हजारांवर आली होती. फक्त हात सुटायचे बाकी होते. हात सुटले की सौदा पक्का.

“पटत नसंल तर राहू द्या,” मालकाने शेवटचा प्रयत्न केला. “मला घाई न्हाई.”

“आम्हाला तरी कुठं हाय,” मामा म्हणाले. “गाडी कुणाला पसंतच न्हाई. आमच्या अक्काला विचारा.”

तेवढ्यात गाडीच्या पोटातून पाणी सोडल्याचा भला मोठा आवाज आला. आम्ही सगळे वळलो. दार उघडलं आणि पदर सावरत आई खाली उतरली. तोंड कुठूनही वाकडं नव्हतं. पुढे ती जे बोलली, त्याने वरचे तीस हजार मामांच्या मुठीतून जागीच गेले. दोन लाख तेवढे राहिले. बायकोने कपाळाला हात लावला. मालकाने मात्र स्वतः जाऊन आपल्या माठातलं पाणी आणून दिलं, कारण आई सगळ्या यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, “लई ऐसपैस हाय रे, मी जाऊन पण आले, आता मला तांब्याभर पाणी द्या प्यायला.”