कॉम्प्युटरचं जाकीट

सासूबाईंना गल्लीत सगळे कव्हरआजी म्हणत. उभा जन्म त्यांनी शिलाई मशीनवर काढला होता. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, लग्नाचे कपडे, काय काय त्यांच्या सुईखालून गेलं होतं. पुढे डोळे अधू झाले, बारीक काम जमेना, गिऱ्हाइकं तयार कपड्यांकडे वळली. पण हात थोडेच ऐकतात? ते घरातल्या वस्तूंवर चालू लागले. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोटलासुद्धा. "एका जागी फार वेळ बसू नका, तुमचंही माप घेतील," असं त्यांचा मुलगा पाहुण्यांना सांगायचा.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा एक कडक नियम होता. दारावरची घंटा वाजली की दिसतील ती कव्हरं झपाझप निघत आणि पाहुणा जिना उतरला की परत चढत. "कव्हर धुळीसाठी असतं," त्या म्हणत. "माणसासमोर वस्तू झाकून ठेवायची म्हणजे, तुझे हात मळके आहेत, असंच सांगायचं की त्याला."

सून हे इतकी वर्षं बघत आली होती की आता तिला ते दिसतच नसे.

सून टायपिंग करायची. आधी एका कचेरीत होती. ती बंद पडली तेव्हा तिने एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला, खिडकीजवळच्या कोपऱ्यात टेबल लावलं आणि छापखान्याची कामं घरी आणू लागली. टेबलावर मॉनिटर, खाली तिच्या गुडघ्यापाशी कॉम्प्युटरचा उभा डबा. त्या कोपऱ्यात बसली की घरात तिला कुणी "जरा कुकर बघ गं" म्हणत नसे. एवढं एक तिने कमावलं होतं.

आणि नेमका आता तो कॉम्प्युटर रुसला होता. तासभर नीट चालायचा, मग मध्येच थिजायचा. बाण हलेना, अक्षर उमटेना. कधी कधी तर स्वतःहून बंदच पडायचा. हातात काम होतं एका म्हाताऱ्या प्राध्यापकांचं, झाडांवरचं जाडजूड पुस्तक. अक्षर असं की शाईत पाय बुडवून मुंग्या सैरावैरा पळाल्यात. छापखानेवाले तसे भले, पण या खेपेला स्पष्ट बोलले होते. "वहिनी, शनिवारी मजकूर हातात नसला तर मी दुसरीकडे देईन. आणि एकदा दुसरीकडची सवय लागली की परत येणं होत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

दुसरीकडे काम गेलं तर तिच्या वाट्याला नणंदेच्या दुकानातला गल्ला होता. नणंदेने तो देऊ करून ठेवला होता, वर "घरी बसून कंटाळतेस" असंही म्हणाली होती.

नवरा म्हणाला, "तू काहीतरी भलतं दाबलं असशील."

"मी कचेरीत वीस माणसांच्या वाटची बटणं दाबत होते, तेव्हा नाही काही झालं ते," ती म्हणाली.

नवऱ्याने प्लग बदलला. शेजारणीने व्हायरस असेल म्हणून सांगितलं, तिच्या भाच्याला पण झाला होता म्हणे, म्हणजे भाच्याच्या कॉम्प्युटरला. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडला, आतली पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. त्याच्यासमोर कॉम्प्युटर असा पळाला की बघत राहावं. तो गेला, आणि दुपारी पुन्हा थिजला. मग त्याने कॉम्प्युटर दुकानात नेला. दोन दिवस तिथे दिवसभर चालू ठेवला, एकदाही अडला नाही.

"ताई, याला काही झालेलं नाही," परत आणून जोडताना तो म्हणाला. "डॉक्टरसमोर पोर खोकत नाही, तशातली गत आहे."

"तुम्ही इथेच राहायला या मग," सून म्हणाली.

तो हसला, चहा पिऊन जिना उतरला. सुनेने कपबशा विसळल्या, येऊन खुर्चीत बसली आणि प्राध्यापकांच्या वडाच्या पारंब्यांशी झुंजू लागली. पारंब्या जमिनीला टेकायच्या आतच बाण थिजला. तिने कपाळाला हात लावला, तेवढ्यात कोपराच्या धक्क्याने एक कागद टेबलाखाली गेला. तो उचलायला ती वाकली आणि तिचा दंड डब्याला लागला. अंडी उबवायला ठेवावीत अशी ऊब होती तिथे.

डब्याच्या अंगात जाकीट होतं. निळं, आत कापूस भरून टीप मारलेलं, गळ्यापासून पायापर्यंत घट्ट. मागे वायरींपुरती फट आणि पुढे चालू करायच्या बटणापुरतं काज, इतकं सुबक की जाकीट न काढता बोट घालावं. दुरुस्तीवाल्याची घंटा वाजली की ते निघायचं. तो जिना उतरला की चढायचं. आणि दुकानात तर ते कधी गेलंच नव्हतं.

सून खाली बसूनच हसली. मग तिला हसू आवरावं लागलं, कारण स्वयंपाकघरातून सासूबाईंच्या चपलांचा आवाज येत होता. हे जाकीट शिवायला त्यांना किती दिवस लागले होते, सुईत दोरा ओवून देताना तिने पाहिलं होतं. आताशा कुणी त्यांच्याकडे साधं पोलकंही शिवायला टाकत नव्हतं.

मग तिने चोरटा मार्ग काढला. सासूबाई दुपारी आतल्या खोलीत आडव्या झाल्या की जाकीट काढून बाहेरच्या पलंगावरच्या उशीखाली सारायचं, त्या उठायच्या आत परत घालायचं. जाकिटाविना कॉम्प्युटर तासन्‌तास चालायचा. पण सकाळ-संध्याकाळ वाया जाई, आणि शनिवार काही थांबणार नव्हता.

एका दुपारी ती लिंबाच्या पानांत इतकी गुंगली की मागे कोण उभं आहे ते कळलंच नाही.

"त्याचं जाकीट कुठाय?"

"आई, ते..." ती खुर्चीतच वळली. "तो आत तापतो हो. त्याच्या पाठीला पंखा आहे, त्याला वाराच मिळत नव्हता. म्हणून बंद पडत होता."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कुणामुळे?" सासूबाई पलंगावर टेकल्या. उशीखालून डोकावणारी निळी कड ओढून त्यांनी जाकीट मांडीवर घेतलं, शिवणीवरून बोट फिरवलं. "एवढे दिवस रडकुंडीला आलीस, आणि मला सांगितलं नाहीस. उलट लपवलंस. मी काय काचेची आहे?"

सून खुर्चीतून उठू लागली.

"तू आपलं काम कर," असं म्हणून त्या जाकीट घेऊन उठल्या.

त्यानंतर दोन दिवस डबा उघडाच होता. सून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टायपिंग करत होती. एकदा तिने सासूबाईंना दुरुस्तीवाल्याशी फोनवर बोलताना ऐकलं, "अरे, पण बंद असताना घातलं तर चालेल ना? तेवढं सांग मला, बाकी मी बघते."

शनिवारी छापखानेवाल्यांनी मजकूर चाळला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "प्राध्यापक दुसरा भाग लिहितायत. वेलींवरचा. अक्षर आणखी बिघडलंय म्हणतात."

"बिघडू द्या," सून म्हणाली.

घरी आली तर डबा पुन्हा जाकिटात. पर्स न ठेवताच ती वाकली आणि चालू करायला बोट पुढे केलं, तर काज सापडेना. तिथे निळ्याच कापडाचा तुकडा बसवून चारही बाजूंनी बारीक टीप मारली होती. मागची फटही बंद होती. वायरी बाहेर यायला फक्त खालची कड उघडी ठेवली होती.

"आई, आता हा चालू कसा करायचा?"

"जाकीट काढून," सासूबाई आतून म्हणाल्या. "काढल्याशिवाय सापडतच नाही बटण. विसरेन म्हटलंस तरी विसरता यायचं नाही."

सुनेने जाकीट काढलं, घडी घातली आणि ती कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीला मागून एक नवा निळा खिसा शिवलेला होता, नेमका त्या मापाचा.

"आणि तो दुरुस्तीवाला," सासूबाई बाहेर येत म्हणाल्या, "त्याच्या अंगातला सदरा खांद्यात चुकलाय. पुढच्या वेळी आला की थांबवून ठेव त्याला. मी माप घेते."