घड्याळवाल्याची खुकरी

आमच्या ह्यांनी एकोणचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. चाळिसाव्या वर्षी एका बाईंच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू ह्यांच्या चिमट्यातून उडाला आणि सापडलाच नाही. तिळाएवढा स्क्रू. दुकानाच्या फरशीवर आम्ही दोघं तासभर रांगत होतो, मी हातात झाडू घेऊन आणि हे डोळ्याला भिंग लावून. शेवटी हे उठून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "स्क्रूचं जाऊ दे. हे बघ." उजवा हात पुढे धरला होता आणि बोटं थरथरत होती.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, काही घराण्यांत हे असतं, वडिलांना होतं का? वडिलांना होतं. सासऱ्यांचा हात हलायला लागला की आम्ही सगळे गप्प बसायचो, कारण आम्हाला वाटायचं त्यांना राग आलाय. त्यात वीस वर्षं गेली. डॉक्टरांनी ह्यांना गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात काही थांबला नाही, हे मात्र दुपारी जेवता जेवता पेंगायला लागले. मग गोळ्या बंद झाल्या, दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने गेलं आणि हे घरी बसले.

दुकानाचं वाईट वाटलं, पण ते मी पचवलं. चहाचं मात्र सहन होईना. हा माणूस दिवसाला सात कप चहा पिणारा. दुकानात जो येईल त्याच्याबरोबर प्यायचा, आणि घड्याळ पाच मिनिटांत झालं तरी गिऱ्हाईक अर्ध्या तासाने उठायचं. आता भरलेला कप ह्यांच्या हातात टिकेना. बशीत सांडायचा, शर्टावर सांडायचा. घरी मी अर्धा अर्धा कप दोनदा द्यायला लागले. पण लोकांच्या घरी अर्धा कप मागायचा कसा? म्हणून हे "मी चहा सोडला" असं सांगायला लागले. मग लोकांकडे जाणंच सोडलं. जिन्यात कुणाची चाहूल लागली की दार लोटून घ्यायचे. चार वर्षं हे असं चाललं. एका कपापायी चांगला माणूस माणसांतून उठला, आणि मी चिडून चिडून चिडणार तरी कुणावर, कपावर?

आमच्या वरच्या मजल्यावर कंडक्टर राहतात. बसमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जिन्यात दोन माणसं उभी दिसली तरी अजून "पुढे सरका" म्हणतात. त्यांनी एक मंडळ काढलंय. मागच्या टेकडीवरच्या जुन्या पायवाटा झुडपांनी बुजून गेल्यात, त्या दर रविवारी सकाळी मोकळ्या करायच्या. हत्यार ज्याचं त्याने आणायचं. कंडक्टर बरेच दिवस ह्यांच्या खनपटीला बसले होते. शेवटी एका रविवारी त्यांनी ह्यांना जवळजवळ ओढूनच नेलं.

दहा वाजता हे परत आले. चेहरा बघून मला वाटलं, संपलं, आता हे वरच्या मजल्याशीही बोलणार नाहीत. बूट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला खुकरी घ्यायचीय."

घडलं होतं ते असं. आधी कुणीतरी ह्यांच्या हातात विळा दिला. तो इतका हलायला लागला की शेजारच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. ह्यांनी विळा खाली ठेवला आणि घरी यायला निघाले. तेवढ्यात कंडक्टरांच्या बुटाची नाडी सुटली. "जरा धरा," म्हणून त्यांनी आपली खुकरी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी धरली आणि हात थांबला.

"थांबला म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे थांबला. नाडी बांधून होईपर्यंत."

खुकरी मी तोवर फक्त चित्रात पाहिली होती. ते पुढे वाकलेलं, टोकाकडे रुंद होत गेलेलं पातं. मी स्पष्ट सांगितलं, ज्या माणसाला कपात साखर ढवळता येत नाही त्याने हातभर लांब हत्यार विकत घ्यायचं नाही. बोटं दहा आहेत आणि मला दहाच्या दहा हवीत. "हातभर नाही, दहा इंच," हे म्हणाले. मी दोन दिवस बोलले नाही. ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा सापडेना. शोधत शोधत गच्चीत गेले तर हे हात समोर ताठ धरून उभे, आणि हातात माझा बत्ता. शेजारी झारा, हातोडी आणि कुकर ओळीने मांडलेले.

"काय चाललंय हे?"

"मोजतोय."

दुकानातली जुनी वही काढली होती. तिच्यात 'वस्तू' आणि 'तक्रार' असे दोन रकाने होते, तेच पुढे चालवले होते. झारा, एकशे चाळीस ग्रॅम: फार हलतो. हातोडी, चारशे: हलते. बत्ता, आठशे: जवळजवळ नाही. कुकर, दोन किलो: हात नाही, खांदा हलतो. खाली रेघ मारून लिहिलं होतं, सातशे ते आठशे, वजन पुढच्या बाजूला.

मी ते पान दोनदा वाचलं. लोकांच्या घड्याळांची तक्रार जशी लिहायचे तशीच स्वतःच्या हाताची लिहिली होती. अक्षर तेच होतं, फक्त वाकडंतिकडं झालं होतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. "खुकरीच्या दुकानात मी येणार बरोबर," मी म्हटलं. मनात म्हटलं, तिथे जाऊन मोडता घालू.

माझ्या धाकट्या भावाला हे कळलं तसा त्याचा फोन आला. "ताई, खुकरी एकदा उपसली की रक्त लावल्याशिवाय परत म्यानात घालत नाहीत म्हणे." मी म्हटलं, मग तू येत जा दर रविवारी. त्यावर त्याने फोन ठेवला.

दुकान दोरखंड, ताडपत्र्या, तंबू आणि चाकूसुऱ्यांचं होतं. मालक गळ्यात मोजायची टेप अडकवून दोर मापत होते. आम्हा दोघांकडे एकदा बघून त्यांनी काचेच्या कपाटातून एक खुकरी काढली. मुठीच्या टोकाला पितळी सिंह, म्यान लाल मखमलीचं.

"भेट द्यायला ना? भिंतीवर झकास दिसते."

"भिंतीला नकोय," हे म्हणाले. उजवा हात खिशात होता. डाव्या हाताने त्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि खुकरीवर वाकले. मालक टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. "शेपूट कुठवर गेलंय?" ह्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"पात्याचं. मुठीच्या आत."

मालकांचा आवाज बदलला. "हिचं दोन बोटं."

"म्हणजे जोरात मारली की पातं पुढे जाणार आणि मूठ माझ्याकडे राहणार."

"बरोबर."

"मग विकता कशाला?" मी विचारलं.

"भिंती कधी जोरात मारत नाहीत, ताई."

माणूस मला आवडला. म्हणून रक्ताचंही विचारून घेतलं. मालकांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. "रोज वीस वेळा उपसतो. मोजा बोटं." मी मोजली. दहा होती.

मग त्यांनी आतून कामाच्या पाच खुकऱ्या आणून काउंटरवर मांडल्या. काळी साधी पाती, चामड्याची म्यानं. ह्यांनी पिशवीतून माझा वजनकाटा काढला. मी तो सकाळपासून शोधत होते. एकेक खुकरी काट्यावर चढली, भिंगाखाली गेली, मूठ आणि पात्याच्या सांध्यात फट आहे का ते बघून झालं. अर्धा तास गेला. उजवा हात अजून खिशातच होता.

"नवीन माणसाला हलकी बरी," मालक म्हणाले आणि चारशे ऐंशी ग्रॅमची पुढे केली. "हात दुखणार नाही. धरून तर बघा."

आता हात काढावाच लागला. ह्यांनी ती धरली आणि पात्याचं टोक दिव्याखाली लटलट हलायला लागलं.

"घाबरू नका," मालक म्हणाले. "पहिल्यांदा सगळ्यांना भीती वाटते."

हा क्षण माझ्या ओळखीचा होता. आता हे "बघतो, येतो नंतर" म्हणणार, वळणार आणि घरी जाऊन दार लोटून घेणार. मी ह्याचसाठी तर आले होते. मला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. आणि तरी मी ह्यांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"भीती नाही," हे म्हणाले. "हात थरथरतो माझा. चार वर्षं झाली."

परक्या माणसाला हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मालकांनी कीव केली नाही की अरेरे म्हटलं नाही. "आधी नाही का सांगायचं," असं म्हणून त्यांनी पाचातल्या तीन उचलल्या आणि फळीवर ठेवून दिल्या. "ह्या गेल्या. आता ही बघा, सातशे साठ. मूठ मध्ये फुगीर आहे, निसटणार नाही."

ह्यांनी ती धरली. टोक थोडं हललं, मग आणखी थोडं, आणि राहिलं. मागच्या अंगणात एक ओंडका होता, त्यावर हे तीन घाव मारून आले. तिसऱ्याला चांगली बोटभर ढलपी उडाली. मग भिंग लावून धार बघितली. "वळली नाही," म्हणाले, आणि मला बऱ्याच दिवसांत न दिसलेले ह्यांचे दात दिसले.

आणि मग म्यानात घालायची वेळ आली. म्यानाचं तोंड अरुंद. टोक एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा डाव्या अंगठ्याशेजारी चामड्यावर ओरखडा उठला.

"ह्याच जागी लोक बोटं कापून घेतात, चांगल्या हाताचेसुद्धा," मालक सावकाश म्हणाले. "म्यान पाठीकडून धरायचं. धारेच्या बाजूला बोट न्यायचंच नाही." पण प्रश्न तो नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. हे खाली फरशीकडे बघत होते. स्क्रू हरवला त्या दिवशी बघत होते तसेच.

मोडता आयता माझ्या हातात आला होता. मी म्हटलं, "द्या इकडे." म्यान पाठीकडून धरलं, खुकरी घेतली आणि एका दमात आत सारली. "तोडायचं तुम्ही. म्यानात घालायचं मी."

"म्हणजे तू दर रविवारी येणार?"

"दहा बोटं नेणार, दहा परत आणणार."

"तुला टेकडी चढवत नाही."

"तुम्हाला म्यान सापडत नाही."

मालकांनी विचारलं, "बांधून देऊ का?"

रविवारी मी कॅनव्हासचे बूट घालून टेकडी चढले. तीनदा बसले. वर पोचल्यावर ह्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले, कारण हौस असली तरी मी वेडी नाही. विळ्याच्या वेळी मागे सरकलेल्या बाई आज आणखी मागे उभ्या होत्या. हे काटेरी झुडपात शिरले. तासभर तोडत होते. आधी मोजून, बघून, एकेक फांदी. नंतर जरा सढळ हाताने. मी तोडलेल्या फांद्या ओढून कडेला टाकत होते आणि हे थांबले की म्यान घेऊन पुढे होत होते. आठ वेळा खुकरी म्यानात घातली. बुजलेल्या वाटेतला एक जुना दगडी कट्टा उघडा पडला, तिथे कंडक्टरांनी सगळ्यांना थांबवलं आणि पिशवीतून थर्मास काढला.

मला धडकीच भरली. चहाचं कुणी आधी बोललंच नव्हतं. बारा माणसं, बारा स्टीलचे कप. हे खुकरी माझ्याकडे देऊन जरा बाजूला झाले आणि बुटाची धूळ झटकायला लागले. बुटाला धूळ नव्हती. "मी चहा सोडला" हे वाक्य तोंडात तयार होतं, मला ते दिसत होतं.

कंडक्टर ओतायला लागले आणि पहिलाच चहा त्यांच्या स्वतःच्या बुटावर पडला. तासभर हत्यार चालवून त्यांचा हात थरथरत होता. त्या मागे सरकणाऱ्या बाईंनी कप दोन्ही हातांत धरला होता तरी तो त्यांच्या दातांवर वाजत होता. बँकेतला एक धिप्पाड माणूस होता, त्याने निमूटपणे कप दगडावर ठेवला आणि वाकून तोंड लावलं. मी माझे हात बघितले. फांद्या ओढून ओढून तेही नाचत होते. सगळ्या कट्ट्यावर एक हात म्हणून स्थिर नव्हता.

ह्यांनी बूट झटकायचा सोडला आणि वर बघितलं. एकेका हातावरून नजर फिरवली. दुकानात सकाळी सगळ्या घड्याळांना किल्ली दिल्यावर भिंतीवरून फिरवायचे, तशी.

कंडक्टर थर्मास घेऊन आमच्यापाशी आले. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना अर्धाच."

"पूर्ण भरा," हे म्हणाले.

निम्मा पँटवर सांडला. निम्मा प्यायले. मग कप पुन्हा पुढे केला.

"पुढे सरका," कंडक्टर म्हणाले, "मागे माणसं आहेत." आणि हे सरकले. कट्ट्यावर त्या बाई आणि बँकवाल्याच्या मधल्या जागेत जाऊन बसले.